घरच्या विजेच्या शटरची मोटर केव्हा बदलावी?

व्यापाऱ्याच्या घरात वस्तू सहजासहजी टाकून दिली जात नाही. पोते फाटले तर त्यास ठिगळ लागते, ठिगळ टिकेनासे झाले म्हणजे त्याचे पायपुसणे होते आणि पायपुसण्याचेही सूत निघाले म्हणजे मगच ते बंबात जाते. यास कोणी कंजूषपणा म्हणो; आम्ही त्यास काटकसर म्हणतो, आणि या काटकसरीच्या बळावरच आपल्या वाडवडिलांनी पेढ्या उभ्या केल्या हे कोणासही नाकारता येणार नाही. परंतु प्रत्येक गुणाला आपले क्षेत्र असते. ते क्षेत्र कोठे संपते हे न ओळखल्यास गुणच दोष होऊन बसतो. अशाच एका सीमेवरील प्रश्नाविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न वरवर पाहता लहान आहे. अलीकडे सभासदांच्या नव्या घरांतून तळमजल्यावर मोटारगाडीसाठी गॅरेज असते, त्यास लोखंडी गुंडाळते शटर असते आणि ते वर-खाली करण्यासाठी विजेची मोटर बसविलेली असते. बटण दाबले की शटर उठते, पुन्हा दाबले की खाली येते. पाच-दहा वर्षे हे सुरळीत चालते. पुढे आवाज वाढतो, रिमोट कधी लागतो कधी लागत नाही, आणि घरात वाद सुरू होतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘चालते आहे तोवर चालू द्या.’ तरुण मंडळी म्हणतात, ‘जुनाट यंत्र काढून मोबाईलवर चालणारे नवे आणू.’ आमच्या मते दोन्ही पक्ष प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरीत आहेत. यंत्र जुने आहे की नवे, चालते की अडते, हा मुख्य प्रश्नच नव्हे. मुख्य प्रश्न असा की, त्या यंत्राच्या खालून माणूस निर्धास्तपणे जाऊ शकतो काय?

प्रथम, केव्हा बदलू नये हे सांगतो. कारण पैसा वाचविण्याची गोष्ट आधी निघाली म्हणजे पुढील गोष्ट ऐकण्यास व्यापाऱ्याचे मन तयार होते.

विजेचे शटर हे एकच यंत्र आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तेथे तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. पट्ट्यांचा पडदा व त्याच्या दोन बाजूंच्या खोबणी ही एक. कित्येक शटरांत वजन तोलून धरणाऱ्या स्प्रिंगा ही दुसरी. मोटर व तिची दातेरी चाके ही तिसरी. आणि हुकूम देणारी पेटी, रिमोट व सेन्सर ही चौथी. एकाचे दुखणे दुसऱ्याच्या अंगावर दिसते, आणि दोष बहुधा बिचाऱ्या मोटरीवर येतो. खोबणीत धूळ व गंज साचला की पडदा घासतो आणि मोटर कण्हते. आपण म्हणतो मोटर गेली. स्प्रिंग ढिली पडली की सारे वजन मोटरीवर येते; पुन्हा आपण म्हणतो मोटर गेली. आमच्या बेळगावसारख्या पावसाळी गावात तर चार महिन्यांची ओल लोखंडाला सोडीत नाही. अशा वेळी खोबण साफ करून घेणे हाच पहिला उपाय होय.

मोटर नुसती घुमते परंतु फिरत नाही, असे झाल्यास पुष्कळदा तिचा कपॅसिटर अशक्त झालेला असतो. हा काही शे रुपयांचा भाग आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरी असा प्रसंग आला. पाहावयास आलेल्या मिस्त्रीने उभ्या उभ्याच ‘नवीन मोटर घाला’ असे सांगितले. आम्ही दुसऱ्या कारागिरास दाखविले. त्याने कपॅसिटर बदलला आणि अर्ध्या तासात शटर उठले. पहिल्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. धान्याचा एकच नमुना पाहून आपण सौदा करीत नाही, मग यंत्राच्या बाबतीत एकाच तोंडचा भाव का मान्य करावा, एवढेच सुचवावयाचे आहे.

शटर पूर्ण खाली येण्यापूर्वीच थांबते किंवा वर जाऊन अडकते, असे असेल तर कोठे थांबावे हे ठरविणारा लिमिट स्विच सरकलेला असतो. तो पुन्हा बसविता येतो. खाली येता येता अकारण परत फिरते असे असेल तर सेन्सरच्या काचेवर धूळ किंवा कोळ्याचे जाळे असण्याचा संभव अधिक. मऊ फडक्याने पुसावे. रिमोट लागत नसेल तर आधी त्याची बॅटरी पाहावी. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. शटरच्या दांड्यात बसणारी नळीसारखी मोटर सतत चार-पाच मिनिटे चालली की तापते आणि आपल्या रक्षणासाठी स्वतःच बंद होते. मुलांनी खेळ म्हणून दहा वेळा शटर वर-खाली केले, मोटर थांबली, आणि घरात ‘जळाली, जळाली’ असा ओरडा झाला, असे होऊ शकते. तिला थोडी निवू द्यावी. ती पुन्हा चालते. मात्र स्प्रिंगेला घरच्या कोणीही हात लावू नये. पिळून ठेवलेल्या स्प्रिंगेत मोठा जोर कोंडलेला असतो, आणि ती सुटली म्हणजे हाड मोडल्याशिवाय राहात नाही. ते काम जाणत्या कारागिराचेच आहे.

येथवर आम्ही काटकसरीच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

आपल्या दुकानातील वजनकाट्याचा विचार करा. काटा हलतो म्हणून तो खरा, असे आपण मानतो काय? उत्तम चालणाऱ्या काट्यालाही मुदतीने तपासून सरकारी शिक्का घ्यावा लागतो, आणि शिक्क्याची मुदत संपलेला काटा कितीही डौलाने हलत असला तरी त्यावर माल तोलणे हा गुन्हा होतो. कारण काट्याचे काम हलणे हे नसून खरे वजन दाखविणे हे आहे. त्याचप्रमाणे विजेच्या शटरचे काम केवळ वर-खाली जाणे हे नव्हे. कोणी मध्ये आले तर थांबणे, वीज गेली तर हाताने उघडणे, आणि परक्याच्या हुकमाला न जुमानणे ही तिन्ही त्याचीच कामे आहेत. यांपैकी एकही काम जे करीत नाही ते यंत्र, आवाज न करता चालत असले तरी, आमच्या मते शिक्का संपलेला काटा होय.

या तिन्ही कामांचे महत्त्व अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शिकले. तेथे सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये वर सरकणारा गॅरेजचा दरवाजा काढला आणि १९२६ मध्ये तो उघडणारे विजेचे यंत्र. आज तेथे घरोघर असे दरवाजे आहेत आणि तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मुला-मुलींच्या घरीही ते आहेत. परंतु खाली येणाऱ्या दरवाजाखाली लहान मुले सापडून दगावू लागली, तेव्हा तेथील काँग्रेसला १९९० मध्ये कायदा करावा लागला. त्यानुसार १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्रास अडथळा लागताच दरवाजा परत फिरविण्याची शक्ती आणि त्याशिवाय दुसरे एक संरक्षण सक्तीचे झाले. हे दुसरे संरक्षण म्हणजे बहुधा जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसविलेली प्रकाशकिरणांची जोडी होय. किरण तुटला की दरवाजा वर जातो. इतक्या खाली का, असे कोणी विचारील. रांगते मूल तेवढ्याच उंचीवर असते, हे त्याचे उत्तर आहे.

दुसरा धडा वणव्याने शिकविला. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली, आणि काही माणसांना स्वतःच्या गॅरेजचा दरवाजा उघडता न आल्यामुळे प्राणास मुकावे लागले. गाडी होती, रस्ता होता. दरवाजा उठला नाही. त्यानंतर त्या राज्याने कायदा करून १ जुलै २०१९ पासून नव्या बसविल्या जाणाऱ्या यंत्रास बॅटरीची जोड सक्तीची केली. हाताने उघडण्याची दोरी त्या दरवाजांना पूर्वीही होती. परंतु स्प्रिंग ढिली असेल तर दोरी ओढूनही म्हाताऱ्या माणसाला दरवाजा पेलत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तिसरा धडा चोरीचा. जुन्या रिमोटमध्ये एकच ठराविक संकेत असतो व तोच दर वेळी पाठविला जातो. २०१५ मध्ये सॅमी कामकर नावाच्या अमेरिकन संशोधकाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून, अशा ठराविक संकेताचे दरवाजे १० सेकंदांच्या आत उघडता येतात हे दाखवून दिले. नव्या यंत्रांत दर वेळी बदलणारा संकेत असतो. एकदा वापरलेला पुन्हा चालत नाही. आपल्याकडेही ठराविक संकेताच्या रिमोटची नक्कल करणारे रिमोट बाजारात मिळतात. ज्या तिजोरीची किल्ली बाजारात सहज घडवून मिळते त्या तिजोरीत आपण दागिने ठेवू काय?

आता या तीन धड्यांवरून आपल्या घरच्या शटरची परीक्षा कशी घ्यावी ते सांगतो. परीक्षा दिवसाउजेडी, मुलांना दूर ठेवून, बटणावर एक व शटरजवळ एक अशा दोन जाणत्या माणसांनी घ्यावी.

पहिली परीक्षा थांबण्याची. शटर खाली येत असता लांब काठी किरणांच्या मध्ये धरावी. हात किंवा पाय कदापि घालू नये. शटर तत्काळ थांबले किंवा वर गेले तर ठीक. अमेरिकेतील अखंड फळ्यांच्या दरवाजासाठी याशिवाय दुसरी परीक्षा आहे: दीड इंच जाडीची लाकडी फळी उंबऱ्यावर आडवी ठेवून दरवाजा खाली सोडावा, फळीला टेकताच तो परत फिरला पाहिजे. आपल्या गुंडाळत्या शटरचे गणित याहून निराळे व अधिक घातक आहे. खाली काही आले आहे हे कित्येक मोटरींना कळतच नाही. त्या आपल्या पडदा सोडीत राहतात आणि पट्ट्यांचे सारे वजन खाली असलेल्यावर येते. म्हणून ज्या शटरला सेन्सरच नाही ते परीक्षेत आधीच नापास झाले असे समजावे. मधोमध थांबविल्यावर शटर आपोआप खाली घसरत असेल तर त्याचा ब्रेक गेला आहे. अशा यंत्राबाबत वाद न घालता त्याच दिवशी वापर बंद करावा.

दुसरी परीक्षा वीज नसतानाची. मुख्य स्विच बंद करून घरातील स्त्रियांना व वयस्कर मंडळींना शटर हाताने उघडता येते काय ते पाहावे. कित्येक मोटरींना साखळी किंवा हॅण्डल असते. परंतु ते कोठे आहे हे घरातील एकाच माणसाला ठाऊक असेल तर ते नसल्यासारखेच होय. गॅरेजला आतून घरात जाण्याचे दुसरे दार असेल तर ही उणीव एक वेळ चालेल. शटर हीच जाण्या-येण्याची एकमेव वाट असेल तर मुळीच चालणार नाही.

तिसरी परीक्षा संकेताची. यंत्राच्या माहितीपुस्तिकेवरून किंवा कारागिरास विचारून रिमोटचा संकेत ठराविक आहे की बदलता, हे पाहावे.

या परीक्षांत उणीव आढळली म्हणजे सगळेच यंत्र बदलावे असेही नव्हे. कित्येकदा मोटर सशक्त असते आणि केवळ हुकूम देणारी पेटी बदलून तिला सेन्सर व बदलत्या संकेताचा रिमोट जोडता येतो. तसे होत असेल तर तेवढेच करावे. जुन्या पेटीत सेन्सर जोडण्याची सोयच नाही, किंवा जुन्या मोटरीचे भाग मिळेनासे झाले आहेत, असे ठरल्यावर मात्र मन घट्ट करावे व यंत्र बदलावे.

राहिला पैशाचा हिशेब. तो करण्याची आमची रीत अशी. दुरुस्तीची रक्कम नव्या किमतीशी ताडून पाहणे पुरेसे नाही; उरलेल्या आयुष्याशी ती ताडून पाहावी. समजा, नवे यंत्र १८,००० रुपयांचे असून ते १२ वर्षे टिकेल, तर त्याचा वर्षाचा भार १,५०० रुपये झाला. जुन्याला ६,००० रुपये दुरुस्ती लागते आणि त्यानंतर ते २ वर्षे चालेल असा अंदाज असेल, तर त्याचा भार वर्षाला ३,००० झाला. वरकरणी १२,००० वाचले. वस्तुतः दर वर्षी दुप्पट गेले. ही रक्कम उदाहरणादाखल घेतली आहे. प्रत्येकाने आपल्या गावचा भाव घालून हिशेब करावा. अमेरिकेत अशा यंत्राचे आयुष्य साधारणपणे १० ते १५ वर्षे धरतात. तेथील दरवाजांच्या साध्या स्प्रिंगा सुमारे १०,००० वेळा उघड-झाप करण्यापुरत्या बनविलेल्या असतात. दिवसातून ४ वेळा दरवाजा उघडून मिटला तर २,५०० दिवस, म्हणजे सातएक वर्षे झाली. ज्या घरात चार माणसे चार वेळी बाहेर पडतात तेथे वर्षे मोजू नयेत, फेऱ्या मोजाव्यात. गाडी आपण किती वर्षांची एवढेच पाहून विकत घेत नाही, किती धावली हेही पाहतो. तोच न्याय येथे लावावा.

या हिशेबावर एक आक्षेप येईल. ‘आजवर काही झाले नाही, मग उगाच खर्च का?’ आमचे उत्तर असे की, वखारीला आग लागली नाही म्हणून विमा बंद करणारा व्यापारी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. शिवाय मालाचे नुकसान विम्याने भरून निघते. अंगणात लपंडाव खेळणाऱ्या नातवाचा, दारात पोती उतरविणाऱ्या हमालाचा किंवा उन्हाला कंटाळून शटरखाली निजलेल्या मांजराचा जीव कोणत्या हप्त्याने परत मिळणार? हमालाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. घरच्या माणसांना शटरच्या खोडी ठाऊक असतात. ‘जरा जपून, ते मध्येच सुटते’ असे आपण एकमेकांस सांगतो. बाहेरून आलेल्या माणसाला ते कोण सांगणार? ज्या यंत्राविषयी पाहुण्याला सावध करावे लागते ते यंत्र घरात ठेवण्याचा आपल्याला नैतिक अधिकार उरतो काय, याचा प्रत्येकाने विचार करावा.

दुसऱ्या बाजूने तरुण मंडळींनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. मोबाईलवरून पुण्यात बसून बेळगावचे शटर बंद करता येते ही सोय खरी. परंतु दृष्टीआड असलेले शटर खाली सोडणे म्हणजे डोळे मिटून तोलणे होय. सेन्सर नीट चालत असल्याची खात्री नसेल तर ही सोय नसलेली बरी. नवे यंत्र घेताना ते कितव्या मजल्यावरून चालते हे विचारण्यापूर्वी ते कशाने थांबते हे विचारावे. विक्रेत्याने आधी रंग व मोबाईलचे गुण सांगितले आणि सेन्सरचा भाव ‘वेगळा पडेल’ म्हटले, तर तो भाव आनंदाने द्यावा आणि हवे तर मोबाईलची जोड सोडून द्यावी.

शेवटी आमची एक सूचना आहे. आपण सर्वजण दिवाळीला नव्या वह्या घालतो. त्या वहीचे एक पान घरच्या यंत्रांसाठी राखून ठेवावे. शटर केव्हा बसविले, कोणी बसविले, कोणता भाग केव्हा बदलला, त्यास किती लागले आणि वर सांगितलेल्या तीन परीक्षा शेवटी कोणत्या तारखेस घेतल्या, एवढ्या पाच नोंदी त्यावर असाव्यात. परीक्षा वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीत घ्यावी. त्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाही. असे पान असले म्हणजे ‘चालते आहे’ आणि ‘जुनाट झाले’ या दोन्ही पक्षांचा वाद आपोआप मिटेल. कारण मग मत विचारावे लागणार नाही, नोंदच बोलेल.

वस्तू शेवटपर्यंत वापरणे हा आपला संस्कार आहे व तो असाच राहो. परंतु वस्तूचा शेवट ती बंद पडल्यावर येतो असे नव्हे. ती आपले काम करीनाशी झाली की येतो. ज्या शटरला खाली उभा असलेला जीव दिसत नाही त्याचे आयुष्य, मोटर फिरत असली तरी, संपलेले आहे असे समजावे आणि त्याच्या नावे वहीत शेवटची नोंद करून ते उतरवून ठेवावे.